गुलामीतून शत्रूच्या छावणीकडं: जुन्या नोंदी वाचून व्याख्यान कसं तयार करायचं

एप्रिल आला की आपल्याकडं गावोगावी फुले-आंबेडकर जयंतीच्या व्याख्यानमाला सुरू होतात आणि त्यात अमेरिकेतल्या गुलामगिरीचा विषय एकदा तरी निघतोच. जोतिरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या त्या सज्जन लोकांना अर्पण केलं ज्यांनी तिथल्या काळ्या गुलामांच्या सुटकेसाठी झीज सोसली, हे आपल्या पोरापोरींना पण तोंडपाठ असतं. पण पुढं काय होतं, बोलणारा थेट लिंकनवर उडी मारतो, १८६३ चा जाहीरनामा सांगतो, टाळ्या होतात आणि विषय संपतो. ज्यांच्या सुटकेची गोष्ट चाललीय ते लोक स्वतः काय करत होते याबद्दल एक वाक्य येत नाही. मला हे मनापासून खटकतं, कारण लिंकनच्या जाहीरनाम्याच्या जवळजवळ नव्वद वर्षं आधीपासून हे लोक युद्धाचा मोका साधून, रात्रीचे, लेकरं कडेवर घेऊन, मालकाच्या शत्रूच्या छावणीकडं निघून जात होते, आणि त्यातल्या हजारोंची नावं आजही मोबाईलवर उघडून वाचता येतात.

मी तालुक्याच्या ठिकाणी एका वाचनालयात संध्याकाळी कॉलेजच्या पोरांचा वाचनवर्ग घेतो, तिथं हा विषय आम्ही नोंदी समोर ठेवून शिकलो, म्हणून जसं करतो तसं सांगतो. शिक्षक असाल, एमएचा प्रोजेक्ट करत असाल किंवा गावात तासभर बोलायचं असेल, तिन्हीला हीच पद्धत चालते. मोबाईल, थोडं इंग्रजी आणि एक दोनशे पानी वही, एवढं असलं की बस.

आधी कोण हललं ते बघा

कुठलाही प्रसंग घ्या, पहिला प्रश्न हा विचारा की पहिलं पाऊल कुणाचं. पुस्तकात बहुतेक वेळा घोषणा आधी येते आणि माणसं नंतर, जसं काही साहेबानं दार उघडलं म्हणून ती बाहेर पडली. तारखा लावून बघितलं तर उलटं दिसतं.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातलं व्हर्जिनिया घ्या. तिथला ब्रिटिश गव्हर्नर लॉर्ड डनमोर, स्वतः गुलामांचा मालक. एप्रिल १७७५ मधे त्याचं आणि वसाहतवाल्यांचं बिनसलं, आणि ते बघून काही गुलाम माणसं त्याच्या दारात जाऊन उभी राहिली की आम्ही तुमच्या बाजूनं लढतो. त्यानं त्यांना हाकलून दिलं. पण माणसं येतच राहिली, तो गाव सोडून जहाजावर राहायला गेला तर होड्या करून तिथं पण आली, आणि शेवटी ७ नोव्हेंबर १७७५ च्या तारखेचा जाहीरनामा निघाला की बंडखोरांचे जे गुलाम हत्यार धरू शकतात आणि धरायला तयार आहेत ते स्वतंत्र. म्हणजे सात महिने आधी मागणी झाली होती, घोषणा मागून आली.

तसंच १८६१ चं. अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण राज्यांतलं यादवी युद्ध सुरू होऊन महिना-सव्वा महिना झालेला. व्हर्जिनियातच सीवेल्स पॉइंटला बंडखोर दक्षिणेची तोफांची जागा बांधायला तीन गुलाम माणसं लावली होती, फ्रँक बेकर, जेम्स टाउनसेंड आणि शेपर्ड मॅलरी. त्यांना कुणकुण लागली की मालक आता आपल्याला नॉर्थ कॅरोलिनात नेणार, बायकालेकरांपासून लांब. २३ मे च्या रात्री तिघं होडी वल्हवत समोरच्या फोर्ट मनरोला गेले, तिथं उत्तरेची फौज होती. दुसऱ्या दिवशी मालकाकडून एक मेजर पांढरं निशाण घेऊन हजर, आमची माणसं परत द्या. किल्ल्यावरचा जनरल बेंजामिन बटलर हा मुळात वकील, त्यानं सांगितलं की तुमचं राज्य म्हणतं आम्ही आता परका देश आहोत, मग आमचा पळालेल्या गुलामांचा कायदा परक्या देशाला कसा लागू होईल, आणि ही माणसं तुमच्या युद्धाच्या कामाला लावलेली होती म्हणून मी ती युद्धात जप्त केलेला माल म्हणून ठेवतो. माणसाला माल म्हणून ठेवणं हे काही न्यायाचं नव्हतं, पण त्या युक्तिवादानं दार उघडलं, काही दिवसांतच बायकामुलांसकट माणसं यायला लागली, ६ ऑगस्टला काँग्रेसनं जप्तीचा कायदा केला आणि युद्ध संपेपर्यंत उत्तरेच्या फौजांच्या आसऱ्याला आलेल्यांची संख्या सुमारे पाच लाखांवर गेली. लिंकनचा जाहीरनामा या सगळ्याच्या मधे येतो, सुरुवातीला नाही.

हे दोन प्रसंग वहीच्या पहिल्या पानावर तारखांसकट लिहून ठेवा. आणि भाषणातलं वाक्य बनवताना 'ब्रिटिशांनी गुलामांना मुक्त केलं' असं न म्हणता 'गुलाम माणसं ब्रिटिशांकडं गेली' असं म्हणा, अख्ख्या भाषणात एवढं सांभाळलं तरी ऐकणाऱ्याला चित्र वेगळं दिसतं.

रजिस्टर उघडा

आता मुख्य काम. १७८३ साली ब्रिटिश हरले, न्यूयॉर्क सोडून चालले, तेव्हा त्यांच्याबरोबर जहाजानं जाणाऱ्या काळ्या लोकांची एक यादी केली गेली, तिला 'बुक ऑफ निग्रोज' म्हणतात. नावातला शब्द त्या काळातला आहे, आज तो अपमानकारक मानतात, म्हणून रजिस्टरचं नाव घेण्यापुरता वापरा, बोलताना माणसांना लावू नका. यादीत सुमारे ३००० नावं आहेत, १३३६ पुरुष, ९१४ बायका आणि ७५० लेकरं असा हिशोब सांगतात. एक प्रत लंडनजवळ क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे, एक अमेरिकेच्या. कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया अर्काइव्ह्जच्या आणि लायब्ररी अँड अर्काइव्ह्ज कॅनडाच्या वेबसाइटवर ती फुकट बघता येते, नाव टाकून शोधता पण येतं.

२०२३ पासून आपल्याकडं कुणबी नोंदींसाठी किती घरांनी निजामाच्या काळातले कागद धुंडाळले, कुठं मोडी वाचणारा शोधा, कुठं उर्दू वाचणारा शोधा, म्हणून जुनी नोंद म्हणजे काय हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. कारकुनानं त्याच्या कामासाठी एक ओळ लिहिलेली असते आणि आपण तिच्यात आपला माणूस शोधत असतो. हे रजिस्टर अगदी तसंच वाचायचं.

म्हणून आधी हे बघा की ती ओळ लिहिली कशासाठी. तहाच्या मसुद्यात, ३० नोव्हेंबर १७८२ ला, सातवं कलम घातलं गेलं की ब्रिटिशांनी जाताना अमेरिकनांचे गुलाम किंवा इतर मालमत्ता न्यायची नाही. हे कलम घालायला लावणारा हेन्री लॉरेन्स, अमेरिकेचा वाटाघाटी करणारा, हा स्वतः मोठा गुलामांचा व्यापारी राहिलेला. न्यूयॉर्कमधे हजारो पळून आलेली माणसं होती, त्यांना ही बातमी कळली तेव्हा काय झालं ते बॉस्टन किंग नावाच्या माणसानं, जो स्वतः त्यांच्यातलाच होता, पुढं आपल्या आत्मचरित्रात लिहिलंय, की जुने मालक शहरात येऊन माणसांना रस्त्यात पकडत होते, बिछान्यातून ओढून काढत होते आणि आमची कित्येक दिवस भूक आणि झोप उडाली होती. ब्रिटिश सेनापती गाय कार्लटन यानं तहाचा अर्थ असा लावला की जे तह व्हायच्या आधी आमच्या घोषणेवर विश्वास ठेवून आले ते त्याच दिवशी स्वतंत्र झाले, ते आता कुणाची मालमत्ता नाहीतच. ६ मे १७८३ ला अमेरिकन सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन त्याला भेटला, माणसं परत मागितली, तर कार्लटननं सांगितलं की काही जण जहाजानं रवानाही झाले, आम्ही यादी ठेवतोय, पुढं मालकांना भरपाई द्यायची ठरली तर ती कामाला येईल. म्हणजे बघा, यादी मालकांच्या दाव्यासाठी ठेवलेली आहे. स्वातंत्र्याचा गौरव करायला कुणी बसलं नव्हतं. हे एकदा डोक्यात बसलं की रकान्यांचा अर्थ लागायला लागतो.

रकाने असे येतात: जहाजाचं नाव, कप्तान, कुठं चाललं, माणसाचं नाव, वय, वर्णन, दावा करणारा मालक, त्याचं गाव, सध्या कुणाच्या ताब्यात, आणि शेवटी शेरा. वर्णनाच्या रकान्यात अंगापिंडानं धडधाकट, देवीचे व्रण, एका डोळ्यानं आंधळा, काम करून करून थकलेला, असलं काहीतरी दोन-तीन शब्दांत असतं, बाजारात जनावर बघणाऱ्याची नजर आहे ती, आणि ते वाचताना राग येतो, येऊ द्या. पण थांबू नका, शेवटच्या रकान्याकडं जा. तिथं 'चार वर्षांपूर्वी निघून आली', 'मालक बंडखोर', 'ब्रिटिशांच्या हद्दीत जन्म' अशा गोष्टी असतात, आणि जीबीसी अशी तीन अक्षरं असतात, म्हणजे जनरल बर्चचं सर्टिफिकेट. सॅम्युएल बर्च हा न्यूयॉर्कचा कमांडंट, त्याच्या सहीचा कागद ज्याच्याकडं त्याला हवं तिकडं जायची मुभा. वाद असेल तर दर बुधवारी फ्राउन्सेस टॅव्हर्न नावाच्या खानावळीत सुनावणी व्हायची, एका बाजूला मालक आणि दुसऱ्या बाजूला ती बाई किंवा तो माणूस, आणि काही जणांना तिथून परत मालकाच्या हवाली पण केलं गेलं.

लेकरांच्या ओळी सोडून देऊ नका, पोरं घाईत तेच करतात. व्हर्जिनियात १६६२ पासून कायदा होता की आई गुलाम तर मूल गुलाम. त्या हिशोबानं 'ब्रिटिशांच्या हद्दीत जन्म' हे तीन शब्द म्हणजे त्या घराण्यातलं कित्येक पिढ्यांतलं पहिलं मूल जे कुणाचं म्हणून जन्माला आलं नाही. आमच्या वर्गात आम्ही या ओळी मोठ्यानं वाचतो.

ताब्याचा रकाना पण नीट बघा. त्या जहाजांवर गोऱ्या राजनिष्ठ, म्हणजे ब्रिटिश राजाच्या बाजूच्या, लोकांचे गुलाम सुद्धा होते आणि ते गुलामच राहिले, कारण घोषणा फक्त बंडखोरांच्या गुलामांसाठी होती. डनमोरची पण, आणि ३० जून १७७९ ला ब्रिटिश सेनापती सर हेन्री क्लिंटननं फिलिप्सबर्गहून काढलेली दुसरी पण. क्लिंटनच्यात हत्यार धरायची अट नव्हती, म्हणून बायकालेकरं, म्हातारे पण येऊ शकले, हा दोन घोषणांमधला मोठा फरक आहे आणि परीक्षेत पण विचारतात.

वजाबाकी करा

ही युक्ती सगळ्यात कामाची. शेऱ्यात 'इतक्या वर्षांपूर्वी निघून आला' असतं ना, तो आकडा १७८३ मधून वजा करा, आलेलं साल लिहा, आणि त्या साली ब्रिटिश फौज कुठं होती ते शेजारी लिहा. ७ वर्षं म्हणजे १७७६, डनमोरची जहाजं चेसापीकच्या खाडीत. ४ वर्षं म्हणजे १७७९, क्लिंटनची घोषणा आणि त्याच वर्षी व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर ब्रिटिशांची धाड. ३ वर्षं म्हणजे १७८०, दक्षिणेतलं चार्ल्सटन बंदर १२ मे ला ब्रिटिशांच्या हाती पडलं. २ वर्षं म्हणजे १७८१, ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस व्हर्जिनियात. दहा-पंधरा ओळी अशा केल्या की कुणी न सांगता समजतं की माणसं उगाच पळत नव्हती, फौज कुठवर आली, नदीत जहाज कधी लागलं, मालक घरी आहे का लढाईवर, सगळा अंदाज घेऊन निघत होती.

आता एक ओळ जवळून बघू. एप्रिल १७८३, जहाज पॉली, पोर्ट रोजवेला म्हणजे नोव्हा स्कोशियातल्या पुढच्या शेलबर्नला चाललंय, आणि त्यात डेबोरा नावाची बाई, वय २०, तोंडावर देवीचे व्रण, पूर्वी जनरल वॉशिंग्टनची गुलाम, सुमारे ४ वर्षांपूर्वी निघून आली. नवरा हॅरी स्क्वॉश त्याच जहाजावर. वजाबाकी केली तर साल येतं १७७९. पण आपल्याकडं दुसरा एक कागद आहे. एप्रिल १७८१ मधे सॅव्हेज नावाचं ब्रिटिश लढाऊ जहाज पोटोमॅक नदीत वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्ननच्या घरासमोर येऊन उभं राहिलं, तिथून १७ माणसं त्या जहाजावर निघून गेली, आणि कारभारी लुंड वॉशिंग्टननं त्यांची यादी केली. गनर, वीटकाम करणारा, वय ४५ च्या आसपास. वॉटी, विणकर. स्टीफन, पिंपं बनवणारा. तीन म्हातारे, तीन बायका, आणि त्या बायकांत शेवटचं नाव डेबोरा, वय १६. म्हणजे दोनच वर्षांपूर्वी. १६ ची पोरगी दोन वर्षांत १८ ची व्हायला पाहिजे, रजिस्टरात २० ची आहे, आणि दोनाची चार वर्षं झालीत.

आमच्या वर्गातली एक पोरगी, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली, ती म्हणाली की सर, तिचा मालक जिंकलाय आणि समोर टेबलावर त्याचेच लोक बसलेत, तर ती लांबचंच साल सांगणार ना. मला हे फार पटतं. जितकं आधी आलो तितकं घोषणेच्या आणि तहाच्या बाबतीत पक्कं, हे तिला कळत असणार. कारकुनानं अंदाजे लिहिलं असं पण होऊ शकतं, तेही वहीत लिहा, दोन्ही शक्यता ठेवा. पण दोन कागद जुळले नाहीत म्हणून नोंद टाकून देऊ नका, न जुळण्यातच त्या माणसाचा हात दिसायची शक्यता असते.

आणि त्याच महिन्यात, २८ एप्रिलला, वॉशिंग्टननं न्यूयॉर्कमधे निघणाऱ्या जहाजांवर नजर ठेवायला नेमलेल्या डॅनियल पार्करला पत्र लिहिलं की माझे काही गुलाम न्यूयॉर्कमधे असतील, सापडले तर पकडून ठेवा म्हणजे मला परत मिळतील. पत्र फाउंडर्स ऑनलाइन या वेबसाइटवर आहे. डेबोराची ओळ आणि हे पत्र एका कागदावर वरखाली छापून वाटा. सॅव्हेजवर गेलेल्यातले काही जण यॉर्कटाउनला अमेरिकन जिंकले त्यानंतर परत पकडले गेले होते, डेबोरा मात्र गेली ती गेलीच.

दुसरं नाव हॅरी वॉशिंग्टन. वय ४३, पूर्वी जनरल वॉशिंग्टनचा, ७ वर्षांपूर्वी सोडून आला, जुलै १७८३ मधे ल'अबोंडन्स जहाजानं पोर्ट रोजवेला. आफ्रिकेतल्या गॅम्बियाकडचा जन्म. लुंडच्या यादीत पण एक हॅरी आहे, घोडे सांभाळणारा, ४० च्या आसपासचा, पण तो १७८१ चा आणि हा १७७६ चा, म्हणून नाव सारखं दिसलं की दोन माणसं एक करायची घाई करू नका. जहाज, मालकाचं गाव आणि निघाल्याचं साल, तिन्ही ताडून बघितल्याशिवाय नाही.

मालकाच्या जाहिराती

दुसरं साधन म्हणजे पळालेल्या माणसांच्या जाहिराती, व्हर्जिनिया गॅझेटसारख्या पेपरात आलेल्या. 'फ्रीडम ऑन द मूव्ह' नावाच्या वेबसाइटवर अशा हजारो जाहिराती जमवल्यात. जाहिरात मालक देतो, बक्षीस लावतो, त्याला माणूस परत पाहिजे म्हणून तो खरी खूण सांगतो. कपडे, जखमा, कोणतं काम येतं, लिहिता-वाचता येतं का, बोलण्यात कसा. शिव्याशापाचे शब्द बाजूला काढा आणि उरलेलं वाचा, माणूस दिसतो.

जून १७७४ ची एक जाहिरात आहे, बॅकस नावाच्या माणसाची, अजून युद्ध सुरू पण झालेलं नाही. मालक गॅब्रिएल जोन्स लिहितो की हा जॉन ख्रिश्चन असं नाव लावून मोकळा माणूस म्हणून वावरेल आणि इंग्लंडला जाणारं जहाज गाठायचा प्रयत्न करेल, कारण त्याला सॉमरसेट खटल्याच्या निकालाची माहिती आहे. हा निकाल १७७२ साली लंडनमधे लॉर्ड मॅन्सफील्डनं दिला होता, की मालकाला गुलामाला जबरदस्तीनं इंग्लंडबाहेर पाठवता येणार नाही. लंडनच्या कोर्टातला निकाल दोन वर्षांच्या आत व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागातल्या गुलाम माणसापर्यंत पोचला होता, त्यानं त्यातून काय करता येईल हे काढलं होतं आणि नवं नाव पण ठरवून ठेवलं होतं. गुलाम अडाणी होते, त्यांना जगाची खबर नव्हती असं कुणी सभेत म्हणालं तर ही एक जाहिरात वाचून दाखवा, दुसरं काही बोलायची गरज पडत नाही.

नोव्हेंबर १७७५ नंतरच्या जाहिरातीत 'लॉर्ड डनमोरकडं गेला असावा' असं मालकच लिहायला लागतात. शोधताना डनमोर हा शब्द टाकून बघा.

ब्रिटिशांना देवमाणूस करू नका

इथं बरेच वक्ते घसरतात. ब्रिटिशांचा हेतू शत्रूचं कंबरडं मोडायचा होता. कॅरिबियन बेटांवर त्यांचे स्वतःचे उसाचे मळे गुलामांवरच चालत होते. डनमोरच्या इथिओपियन रेजिमेंटमधे माणसं भरती झाली, ९ डिसेंबर १७७५ ला ग्रेट ब्रिजला लढली आणि हरली, आणि मग गर्दीच्या जहाजांवर देवीची साथ आली, १७७६ च्या उन्हाळ्यात ग्विन बेटावर शेकडो माणसं देवीनं आणि तापानं मेली. यॉर्कटाउनला सप्टेंबर १७८१ च्या शेवटी वेढा पडला, दाणा कमी पडला, तर कॉर्नवॉलिसच्या फौजेनं ज्यांच्याकडून खंदक खोदून घेतले त्याच काळ्या माणसांना छावणीबाहेर हाकललं, आजारी, उपाशी, दोन फौजांच्या मधे. योहान एवाल्ड नावाच्या जर्मन अधिकाऱ्यानं, जो ब्रिटिशांच्याच बाजूनं होता, हे डायरीत लिहून ठेवलंय आणि लिहिताना त्याला लाज वाटलीय.

नोव्हा स्कोशियात जे पोचले त्यांना बर्चटाउनला खडकाळ जमीन, ती पण उशिरा आणि थोडी, कित्येकांना मिळालीच नाही. शेलबर्नला २६ जुलै १७८४ ला गोऱ्या शिपायांनी दंगल करून काळ्यांची घरं पाडली, कारण ते कमी मजुरीवर काम करत होते. मग नॉर्थ कॅरोलिनातून पळालेला, ब्लॅक पायोनियर्स या ब्रिटिशांच्या काळ्या माणसांच्या तुकडीत सार्जंट राहिलेला थॉमस पीटर्स सगळ्यांचा अर्ज घेऊन लंडनला गेला, आणि जानेवारी १७९२ मधे हॅलिफॅक्सहून १५ जहाजांनी जवळजवळ १२०० माणसं सिएरा लिओनला निघाली, फ्रीटाउन त्यांनी वसवलं. त्यात हॅरी वॉशिंग्टन पण होता, आणि १८०० साली तिथली वसाहत चालवणाऱ्या कंपनीनं जमिनीवर सारा लावला तेव्हा उठाव करणाऱ्यात पण तो होता, त्याबद्दल त्याला हद्दपार केलं. हा भाग तुम्ही भाषणात ठेवाच. आपल्याकडच्या लोकांना सारा आणि त्याविरुद्धचा उठाव लगेच कळतो.

ब्रिटन आणि अमेरिकेच्या १८१२ च्या युद्धाला दोन मिनिटं पुरे. २ एप्रिल १८१४ ला ब्रिटिश ॲडमिरल कॉक्रेनची निघून येणाऱ्यांना आसरा द्यायची घोषणा, टँजियर बेटावर कलोनियल मरीन्सची, म्हणजे पळून आलेल्या काळ्या माणसांच्या ब्रिटिश तुकडीची तयारी, साधारण ४००० माणसं निघून आली, त्यातले बरेच पुढं त्रिनिदादला शेती करून राहिले. आणि अमेरिकन मालकांना ब्रिटिशांनी नंतर १२ लाख डॉलरच्या वर भरपाई दिली, मालकांना, हे आवर्जून सांगा.

मोठे आकडे जपून

१७७५ ते ८३ मधे एकूण किती पळाले याचे अंदाज २० हजारापासून एक लाखापर्यंत जातात. थॉमस जेफरसननं १७८८ च्या एका पत्रात लिहिलं की एकट्या व्हर्जिनियातून १७८१ या एका वर्षात ३०,००० गेले आणि त्यातले २७,००० मेले. हा आकडा इंटरनेटवर सगळीकडं सापडेल, इतिहासकार मात्र तो फार फुगवलेला मानतात, आणि तो एका मालकानं केलेला अंदाज आहे. तुमच्या हातात ३००० नावं आहेत, त्यातली वीस नीट सांगितली तर लाखाच्या आकड्याची गरज पडत नाही.

मलिक अंबरचा प्रश्न येणारच

मराठवाड्यात कुठंही हा विषय काढा, कुणीतरी मलिक अंबरचं नाव घेतंच, आणि घ्यायलाच पाहिजे. इथिओपियात जन्म, गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनला आला, निजामशाहीचा कारभार चालवला, १६१० मधे खडकी वसवली, १६२४ ला भातवडीची लढाई मारली, १६२६ ला गेला आणि खुलताबादला त्याची कबर आहे. उत्तर असं द्या की दख्खनमधे लष्करी गुलामाला त्याच फौजेत वर चढता येत होतं, मालक मेल्यावर मोकळं होता येत होतं. अमेरिकेतल्या माणसाला ती वाट नव्हती, आईकडून लेकराकडं गुलामी जायची, म्हणून त्याला मालकाचा शत्रू गाठावा लागला. एवढं सांगून पुढं जा, दोघांना एकमेकात मिसळू नका.

सालगडी, उचल, वेठबिगार हे पण ऐकणाऱ्यांच्या मनात येणार. त्यावर बोलू द्या, चर्चा होऊ द्या, पण तेच हे असं म्हणू नका. आपल्याकडच्या त्या दुःखाला स्वतःची भाषा आणि कागद आहेत, त्यासाठी वेगळी संध्याकाळ ठेवा.

बोलायच्या दिवशी

तास असेल तर पहिली दहा मिनिटं फोर्ट मनरोची रात्र सांगा, गोष्ट म्हणून, नावांसकट. मग मागं १७७५ वर या. मधली वीस मिनिटं लोकांच्या हातात कागद द्या, रजिस्टरातल्या दहा ओळी मराठीत करून, रकान्यांसकट, शेवटचा एक रकाना रिकामा ठेवून, त्यात त्यांनीच वजाबाकी करून साल लिहायचं. म्हातारी माणसं पण हे आवडीनं करतात. ओळी निवडताना किमान चार बायकांच्या घ्या, दोन लेकरांच्या घ्या, एक अशी घ्या जी कुणाच्या तरी ताब्यात गुलाम म्हणूनच चाललीय. त्यानंतर डेबोरा आणि वॉशिंग्टनचं पत्र.

वेळ उरला तर रॉबर्ट स्मॉल्स, १३ मे १८६२, चार्ल्सटनच्या बंदरातून दक्षिणेची प्लँटर नावाची बोट, गोरे अधिकारी रात्री किनाऱ्यावर, ह्यानं कप्तानाची गवती टोपी घातली, बायकालेकरांना वाटेत घेतलं, फोर्ट समटरच्या तोफांसमोरून नेहमीची शिट्टी देत बोट काढली आणि उत्तरेच्या नौदलाच्या हवाली केली. पुढं हा माणूस अमेरिकेच्या काँग्रेसमधे निवडून गेला. पोरांना ही गोष्ट लई आवडते, पण म्हणूनच ती आधी सांगू नका, नाहीतर वीटकाम करणारा गनर आणि विणकर वॉटी कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

'मग वॉशिंग्टन वाईट का?' हा प्रश्न आला तर पत्र पुन्हा वाचा, तारीख सांगा, आणि हे पण सांगा की त्यानं मृत्युपत्रात स्वतःच्या नावावरच्या गुलामांना मुक्त करायचं लिहिलं. दोन्ही कागद खरे आहेत, ऐकणारे त्यांचं त्यांनी ठरवतील.

झेरॉक्स काढताना कागद आडवा ठेवा, दहा-अकरा रकाने उभ्यात बसत नाहीत, अक्षर मोठं ठेवा आणि नावांचे उच्चार आदल्या दिवशी मोठ्यानं म्हणून बघा, कारण सभेत नाव अडखळलं की लोक पुढची ओळ ऐकत नाहीत.